‘ह्यो खयसून इलो?’ : पक्ष्याच्या पायातला वाळा काय सांगतो

जानेवारीतली सकाळ होती. मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही दोरांवर पंधरा-वीस माणसं, जाळ्याचा घेर हळूहळू लहान होत आलेला, आत मासळीची वळवळ दिसायला लागली होती. अशा वेळी सुरय पक्षी हमखास येतात आणि आयत्या मासळीवर वरून सूर मारतात. त्या दिवशी त्यातला एक जाळ्यात अडकला. पंख ओले, चोच उघडी, एक पाय दोऱ्यात गुंतलेला.

आबांनी, म्हणजे त्या रापणीतल्या सगळ्यात जुन्या माणसाने, त्याला अलगद सोडवून हातात घेतलं आणि म्हणाले, “बघ रे, ह्येच्या पायात वाळो आसा.”

दोर सोडून पोरं धावली. “चीनचो असतलो! कारवारात गावलेलो तसो.” “पोलिसांका फोन करूया?” “नको रे, लफडा होतला. सोडून दी.” या गडबडीत आबांचा एकच प्रश्न चालू होता, “पण ह्यो खयसून इलो?”

माझ्या मते त्या घोळक्यात विचारला गेलेला नेमका प्रश्न तोच होता. वाळा असतो तो त्याच प्रश्नासाठी. पण तो पायात कोण घालतं, कशासाठी, त्यावरचा नंबर कोणी वाचायचा आणि वाचून कुणाला कळवायचं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यालाच कुणी नीट सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख.

भीती कुठून आली?

ती उगाच आलेली नाही, हे आधी कबूल करायला हवं. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या एका जेट्टीवर एक कबूतर सापडलं. दोन्ही पायांत वाळे होते आणि पंखांवर चिनी वाटणारी अक्षरं. हेरगिरीच्या संशयावरून ते परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात ठेवलं गेलं. शेवटी ते तैवानमधलं शर्यतीचं कबूतर असल्याचं निष्पन्न झालं आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याला सोडलं. आठ महिने ते पिंजऱ्यात होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कारवारच्या बाजूला पाठीवर यंत्र असलेलं एक गिधाड फिरताना दिसलं आणि लोक घाबरले. ते निघालं आपल्या ताडोबातलं. पिंजऱ्यात वाढवून, टॅग लावून जंगलात सोडलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी एक. मग डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कारवारच्या किनाऱ्यावर जीपीएस टॅग लावलेला एक कुरव, म्हणजे सीगल, सापडला, आणि त्या टॅगवर चिनी विज्ञान अकादमीचं नाव होतं. कारवारला नौदलाचा मोठा तळ आहे. बातमी गोव्यावरून आमच्याकडे यायला किती वेळ लागणार? महिन्याभरातच रापणीवरचा प्रत्येक पक्षी संशयित झाला.

वाळा म्हणजे काय?

अॅल्युमिनियमची किंवा पोलादाची एक छोटी पट्टी, गोल वाकवून पायात बसवलेली. तिच्यावर एक नंबर आणि एक पत्ता कोरलेला असतो. एवढंच. आत बॅटरी नाही, चिप नाही, कसलाही सिग्नल नाही. पक्षी पकडून, त्याची जात, वजन, पंखाची लांबी नोंदवून असा वाळा घालायचा आणि सोडून द्यायचं, या कामाला पक्षी-अभ्यासक ‘रिंगिंग’ म्हणतात.

पोस्टकार्डासारखंच आहे हे. पाठवणाऱ्याने त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलाय, पण ते कुणाच्या दारात पडेल हे त्याला ठाऊक नाही. ज्याच्या दारात पडेल त्याने उलट टपाली कळवायचं : तुमचं पत्र अमुक गावी, अमुक तारखेला मिळालं. उत्तर आलं नाही तर पत्र फुकट. आणि बहुतेक पत्रं फुकटच जातात. लहान पक्ष्यांमध्ये शंभरांना वाळे घातले तर एकाचीही पुन्हा खबर लागेल याची खात्री नसते.

ही पद्धत सव्वाशे वर्षांची आहे. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात नंबर आणि पत्ता असलेले अॅल्युमिनियमचे वाळे घातले, तिथून ती रुजली. त्याआधी युरोपात हिवाळ्यात पक्षी कुठे जातात याबद्दल काहीच्या काही समजुती होत्या. भिंगरी पक्षी तळ्याच्या चिखलात झोपून राहतात असं शिकलेली माणसंही मानायची. १८२२ मध्ये जर्मनीत एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत आरपार घुसलेला भाला आफ्रिकेतल्या लाकडाचा होता. भाल्यासकट तो बिचारा हजारो किलोमीटर उडून घरी आला होता. पक्षी खंड ओलांडून जातात याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. वाळा म्हणजे त्या भाल्याचीच, पण पक्ष्याला न मारणारी सुधारित आवृत्ती.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, करते. १८८३ ची संस्था. सालिम अलींच्या पुढाकाराने १९६० च्या आसपास तिने मोठ्या प्रमाणावर वाळे घालायला सुरुवात केली. तिच्या वाळ्यांवर ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. म्हणजे विनंती उघड कोरलेली आहे. लपवायचं काही असतं तर पत्ता कशाला कोरला असता?

गुहागरला आलेली कासवीण आठवते?

वाळ्याचं काम समजायला आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण पुरे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत एक ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या पायाला धातूची पट्टी होती, नंबर ०३२३३. तो कळवल्यावर उलगडा झाला : ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून ती कोकणात आली होती. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असा जो एक समज होता, त्याला या एका नंबराने धक्का दिला.

त्या पट्टीत जीपीएस नव्हतं, बॅटरी नव्हती. फक्त पाच आकडे होते, आणि ते रात्री वाळूत बसून वाचणारी माणसं होती. निम्मं काम पट्टीने केलं आणि निम्मं त्या माणसांनी.

वाळा, झेंडी आणि टॅग

पक्ष्यांच्या अंगावर तीन प्रकारच्या खुणा दिसू शकतात. धातूचा वाळा आपण पाहिला. त्याची अडचण अशी की अक्षरं बारीक, पक्षी हातात असल्याशिवाय सहसा वाचता येत नाहीत. म्हणून किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या पायाला काही वेळा प्लॅस्टिकची रंगीत झेंडी लावतात, तिच्यावर दोन-तीन ठळक अक्षरं असतात. कुठल्या भागात कुठल्या रंगांची जोडी वापरायची हे अभ्यासकांनी आपसात ठरवलेलं असतं. आमच्याकडे होड्यांना रंग आणि नंबर लावून त्या कुठल्या हे ओळखता यावं अशी सोय असते, तसंच. दुर्बीण किंवा चांगल्या झूमचा मोबाइल असेल तर पक्ष्याला हात न लावता दुरून वाचता येतं.

तिसरा प्रकार टॅगचा, आणि सगळा गोंधळ याच्यापायी होतो. टॅग म्हणजे पाठीवर किंवा पायावर बांधलेलं छोटं यंत्र. ते उपग्रहांच्या मदतीने स्वतःची जागा ओळखतं, लिहून ठेवतं, आणि उपग्रहाकडे किंवा मोबाइलच्या टॉवरकडे पाठवतं. वर छोटी सौर पट्टी असते, तिच्यावर बॅटरी भरते. रेंज नसेल तर माहिती साठवून ठेवतं, रेंज आली की पाठवतं. खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्या पोराचा फोन चार दिवस लागत नाही आणि होडी बंदराच्या टप्प्यात आली की सगळे मेसेज एकदम येतात, तसाच प्रकार.

या टॅगांनी गेल्या काही वर्षांत जे दाखवलंय त्याने मी आजही थक्क होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघालेला गॉडविट नावाचा एक किनारपक्षी अकरा दिवस कुठेही न टेकता १३,५६० किलोमीटर उडत टास्मानियाला उतरला. त्याचं वय होतं जेमतेम पाच महिने, म्हणजे वाट दाखवायला आई-बाप बरोबर असण्याचाही प्रश्न नाही. आपल्या ठाणे खाडीत २०२२ मध्ये बीएनएचएसने सहा फ्लेमिंगोंना टॅग लावले, तेव्हा ते इथून गुजरातकडे कसे जातात हे नकाशावर बघता आलं.

पण मग चीनचा टॅग कशाला?

आता मुद्द्याचं. थंडीत आपल्या किनाऱ्यावर पांढरे-करडे कुरव थव्याने बसतात. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव घरटं करतो ते लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी. भरतीच्या रेषेवर तुरुतुरु पळणारे, थांबणारे, पुन्हा पळणारे छोटे चिखल्या पक्षी बघा. त्यांचं तर नावच आता तिबेटी चिखल्या झालंय. पूर्वी एकच जात मानत, अलीकडे तिच्या दोन जाती केल्या, आणि आपल्याकडे हिवाळ्यात येणारे मुख्यतः तिबेट-हिमालयाकडचे.

थोडक्यात, हे कोकणचे चाकरमानीच आहेत, फक्त उलटे. त्यांचं गाव तिकडे डोंगरापलीकडे आणि पोटासाठी सात-आठ महिने मुक्काम इकडे. चिनी हद्दीतल्या तळ्यावर जन्मलेल्या पिल्लाला वाळा किंवा टॅग तिथलाच अभ्यासक लावणार. मालवणात सापडलेल्या माणसाच्या खिशात मुंबईचा लोकल पास निघाला तर त्यात नवल काय? तसाच कुरवाच्या पायात चीनचा, मंगोलियाचा, रशियाचा किंवा कझाकस्तानचा पत्ता निघाला तर ते त्याच्या माहेरचं नाव. उलट दिशेनेही हेच होतं, आपण वाळे घातलेले पक्षी उन्हाळ्यात तिकडे जातात आणि तिथल्या माणसांनी ते वाचावेत अशी आपली अपेक्षा असते.

आर्क्टिकपासून मध्य आशियावरून हिंदी महासागरापर्यंतच्या या आकाशातल्या महामार्गाला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. तो तीस देशांवरून जातो आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाती तो वापरतात. या तीस देशांत वैर असेल, सीमा बंद असतील. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र कुठल्याही एका देशाला एकट्याने काही कळू शकत नाही.

“कबुतरांनी हेरगिरी केली नव्हती का?”

केली होती, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या महायुद्धात कबुतरांनी निरोप नेले. जर्मनीतल्या नॉयब्रॉनर नावाच्या औषधविक्रेत्याने तर कबुतराच्या छातीला बांधायचा छोटा कॅमेरा बनवला होता. ओडिशा पोलिसांकडे अनेक दशकं निरोप्या कबुतरांची तुकडी होती. खुद्द पक्षी-अभ्यासावरही संशय घेतला गेलाय. १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी मदतीने चाललेल्या काही संशोधनांची झाडाझडती घेतली, त्यात पक्ष्यांच्या स्थलांतराचा प्रकल्पही होता.

पण कबूतर आणि कुरव यांत मोठा फरक आहे. निरोप्या कबूतर एकच गोष्ट करतं : कुठेही नेऊन सोडा, ते आपल्या खुराड्याकडे परत येतं. त्याचा उपयोग होतो तो त्या ओढीमुळे. कुरवाला असं खुराडंच नाही. तो मासळीमागे जातो. जेट्टीवर निवडायला बसलेल्या बायकांच्या टोपल्या, ट्रॉलरच्या मागे फेकलेली मासळी, नदीचं मुख, जिथे अन्न तिथे तो. अमुक तळावर जाऊन बस, असं त्याला जगातली कुठलीही सेना शिकवू शकलेली नाही. आणि पक्ष्यांच्या अभ्यासासाठी बनवलेला नेहमीचा टॅग पाठवतो काय, तर पक्षी किती वाजता कुठे होता, कधी किती वेगाने, कधी तापमान किती. त्यातून नौदलाच्या तळाची एवढीच माहिती मिळेल की तिथे एक कुरव बसला होता. तळाचा फोटो हवा असणाऱ्यासाठी आकाशात उपग्रह आहेत.

तरीही माझं मत असं की संरक्षण ठिकाणाजवळ टॅगवाला पक्षी सापडला तर पोलिसांनी आणि वनखात्याने तो तपासावा. त्यांचं ते कामच आहे. फक्त तपास नंबर वाचून, पत्ता बघून, कळवून होऊ शकतो. त्यासाठी पक्ष्याला महिनोन् महिने कोंडायची गरज नाही आणि आपण व्हॉट्सअॅपवर त्याला हेर ठरवायची तर मुळीच नाही. अशा एका मेसेजने पुढच्या दहा पक्ष्यांवर दगड पडतात, आणि ज्यांच्या पायात वाळा आहे तेच आधी मारले जातात.

पक्ष्याला त्रास होत नाही का?

हा प्रश्न मला बायकांनी जास्त विचारलाय, आणि तो योग्य आहे. वाळ्याचा त्रास जवळपास नसतो. पायाच्या जाडीप्रमाणे मापं ठरलेली असतात, तो सैल फिरता राहतो, आणि छोट्या पक्ष्याच्या वाळ्याचं वजन एक ग्रॅमही नसतं.

टॅगचं तसं नाही, तो ओझं आहे. म्हणून यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांच्या आत ठेवावं असा संकेत आहे. साठ ग्रॅमच्या चिखल्याला दोन ग्रॅमपेक्षाही कमी. माणसाच्या हिशेबात, सत्तर किलोच्या माणसाने दोन किलो साखरेची पिशवी कायम पाठीला बांधून फिरायचं. जमतं, पण जाणवतंच. बांधणी चुकली तर पंख घासतो. त्यामुळे टॅग मोजक्याच पक्ष्यांना लावायचा, तोही शिकलेल्या माणसाने, असं असायला हवं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला पक्षी परवानगीशिवाय पकडणं हाच गुन्हा आहे. हौस म्हणून कुणी वाळे घालू शकत नाही. वाचायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

सापडला तर करायचं काय

इथे मी आमच्या त्या सुरयावर परत येतो, कारण आम्ही त्या दिवशी एक चूक केली.

आबांनी पक्ष्याला गमछ्यात गुंडाळून डोकं झाकलं. अंधार झाला की पक्षी शांत होतो, हे त्यांना कोंबड्यांवरून माहीत होतं. पाय बाहेर काढला. सुरयाचा पाय केवढासा, करंगळीच्या नखाएवढी पावलं, आणि त्यावर वाळा. खाऱ्या पाण्याने करडा पडलेला, एका बाजूला घासून गुळगुळीत झालेला. एका पोराने मोबाइलवर फोटो काढला. अक्षरं चक्क दिसत होती. सगळे खूश. आबांनी हात उघडले आणि पक्षी पाण्यावरून खालून खालून उडत गेला.

घरी येऊन फोटो मोठा केला तेव्हा कळलं. वाळा गोल असतो. एका फोटोत मावतो तो त्याचा समोरचा भाग. आमच्याकडे इंग्रजी पत्त्याचे चार अक्षरांचे तुकडे होते आणि नंबरातले तीन आकडे. उरलेले पायाच्या मागच्या बाजूला होते, आणि पाय गेला होता समुद्रावर.

म्हणून सांगतो. पक्षी हातात असेल तर वाळा बोटाने हळूच फिरवत चारही बाजूंनी फोटो घ्या. मोबाइल न हलवता, उन्हाकडे पाठ करून. नंबर मोठ्याने वाचून दुसऱ्याला लिहायला सांगा, म्हणजे खाडाखोड उरत नाही. डावा पाय की उजवा, गुडघ्यासारखा दिसणारा जो सांधा असतो त्याच्या वर की खाली, झेंडी असेल तर तिचा रंग, गाव आणि तारीख, हे टिपून ठेवा. जिवंत पक्ष्याचा वाळा कधीही काढायचा नाही. ओढून काढताना पाय मोडतो, आणि तसाही वाळा गेला की त्या पक्ष्याची सगळी कहाणी गेली.

मेलेला पक्षी असेल तर उघड्या हाताने धरू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो. प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून पाय वळवा आणि फोटो घ्या. जखमी असेल तर खोक्यात भोकं पाडून ठेवा, जबरदस्तीने पाणी पाजू नका, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. टॅग असेल तर वनखात्याला आणि जवळच्या पोलिसांना सांगा, पण तो उघडू नका, कापू नका.

वाळ्यावरच्या पत्त्यावर कळवणं हे शेवटचं. भारतातला वाळा असेल तर बीएनएचएसला. परदेशी असेल तरी त्यांना फोटो पाठवला तर तो कुठला हे शोधायला ते मदत करतात. पुढे उलट उत्तर येतं, ते बघण्यासारखं असतं : तुमचा पक्षी अमुक साली, अमुक ठिकाणी, इतक्या वजनाचा होता.

“कळलं, पण आमच्या गावाला काय फायदा?”

रोख फायदा सांगायचा तर नाही. खोटं कशाला बोलू? बक्षीस मिळत नाही.

पण गणपतीला मुंबईहून येणाऱ्या गाडीचा विचार करा. पनवेलला चहा, महाडला जेवण, चिपळूणला डिझेल. समजा महाडचं हॉटेल बंद पडलं आणि चिपळूणचा पंपही. गाडी चांगली, ड्रायव्हर चांगला, मुंबईचं घर शाबूत, गावचं घरही शाबूत. तरी माणूस पोहोचत नाही. पक्ष्यांचं असंच आहे. घरट्याची जागा राखली आणि वाटेतला चिखल बुजवला तर पक्षी मधेच संपतो. वाटेतले थांबे नेमके कुठले, हे सांगणारी मुख्य साधनं म्हणजे हीच : वाळा, झेंडी आणि टॅग. एखाद्या खाडीचं मुख, एखादा खाजणाचा तुकडा ‘पडीक जागा’ म्हणून भरावाखाली जाणार असतो, तेव्हा ‘इथे अमुक देशाचा वाळा असलेले पक्षी दर वर्षी उतरतात’ ही नोंद हातात असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची मोजदाद लोकांनी वर्षानुवर्षं केली. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत समावेश झाला.

आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त सलते. आपले हे पाहुणे परत निघतात मार्च-एप्रिलच्या सुमारास. निघण्याआधी त्यांना अंगावर चरबी चढवावी लागते, कारण तेच त्यांचं डिझेल. काही किनारपक्षी या दिवसांत अक्षरशः पोटाला तडस लागेपर्यंत खातात, काहींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. ओहोटी लागली की चार-पाच तास ओल्या वाळूतले किडे वेचायला मिळतात, तेवढाच त्यांचा जेवणाचा वेळ. आणि नेमक्या त्याच दिवसांत, होळी-शिमग्यापासून मे महिन्यापर्यंत, आपल्या किनाऱ्यांवर गर्दी उसळते. ओल्या वाळूवर गाड्या फिरतात, फोटोसाठी पोरं थव्यात धावतात, मोकाट कुत्री मागे लागतात. थवा उडतो तेव्हा दिसायला सुंदर दिसतं. पण दर उड्डाणाला त्याने नुकतीच कमावलेली चरबी जळते. जेवायला बसलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी ताटावरून उठवावं आणि मग रात्रभर हिमालय चढायला लावावं, तसं ते आहे.

कुरवांना शेव-गाठी टाकणं हे त्याचंच दुसरं टोक. तेलकट, मिठाचं, मसाल्याचं. पोट भरल्यासारखं होतं, पण त्यांना लागते ती मासळी. होडीवाल्यांनी मनावर घेतलं तर हे एका हंगामात थांबेल, कारण पर्यटक होडीवाल्याचं ऐकतो.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं, हे नागालँडमधल्या पांगती गावाने दाखवलंय. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमचा छोटा शिकारी पक्षी. सैबेरिया-चीनच्या बाजूने निघून तो ऑक्टोबरात नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी लाखोंनी उतरतो. २०१२ पर्यंत तिथे जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार व्हायची. २०१३ मध्ये गावांनीच ती बंद केली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना पाच ग्रॅमचे टॅग लावले आणि त्यांना नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी रोज नकाशावर पुढे सरकताना बघायला मिळाला, तेव्हा ‘पकडायचा पक्षी’ हा ‘आमचा पक्षी’ झाला. पुढच्या वर्षी नागा आणि पांगती परत आले.

हे ससाणे आफ्रिकेला जाताना कुठून जातात माहीत आहे? मध्य भारत ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि इथून थेट अरबी समुद्रावर झेप घेतात. समुद्र संपेपर्यंत टेकायला जागा नाही. त्याच सुमारास चतुरांचे थवेही समुद्रावरून जातात आणि ससाणे वाटेत त्यांनाच खात असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नोव्हेंबरात भात झोडणी चालू असताना खळ्यावर चतुर दाटतात, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यांच्या वरून, आपल्या माडांच्या वरून, पांगतीची माणसं वाट बघतात ते पक्षी जात असतात. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

आमच्या अर्ध्या नंबराचं पुढे काही झालं नाही. एवढ्यावरून पक्षी सांगता येणार नाही, हे आम्हालाही कळत होतं. आबांनी महिनाभर विचारलं, “उत्तर इला?” मग विचारायचे थांबले. मला वाटलं, विसरले.

मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. रापणीच्या हिशेबाची वही बाहेर होती, कुणाचा किती वाटा ते लिहिलेली. पानं उलटताना मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी बॉलपेनने पक्ष्याचे दोन पाय काढलेले दिसले. सांध्यापाशी आडवी रेघ, खाली ‘डावो’ आणि ‘उजवो’. प्रत्येक पायाशेजारी नंबरासाठी एक चौकोन, त्याखाली तारीख, त्याखाली ‘फोटो ४’. चौकोन रिकामे होते.

“पावसानंतर येतले मां परत?” त्यांनी विचारलं.